नाव घातलेल्या भांड्यांची कमान

शिरड शहापूर,
एप्रिल २००६, भर दुपार, लाईट गेलेली

तीर्थरूप मंजुळाआक्कास,

धाकटा भाऊ कोंडीबाचा सप्रेम जय भीम. दाजींना जय भीम, सूनबाईंना आणि नातवंडांना आशीर्वाद, आणि ती लंगडी शेळी अजून असेल तर तिलाही आमची आठवण सांगणे. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं तुमच्याकडच्या पूर्णा गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं. फार बरं वाटलं. म्हणजे आता तुला बारीक अक्षर दिसत असणार, म्हणून या वेळी बारीक लिहितो आहे. मागची सगळी पत्रं मी मोठ्या अक्षरात लिहिली होती. त्यांचं उत्तर आलं नाही, ते तुला दिसत नसल्यामुळेच, असं मी धरून चाललो आहे.

माझं म्हणशील तर झकास चाललं आहे. आयुष्यभर वसमत डेपोत कंडक्टरकी केली, आता रिटायर होऊन ओट्यावर बसतो. बसलेल्या जागेवरून काही हलत नाही याची सवय व्हायला थोडा वेळ लागला. पहिले काही दिवस कोणी घरात शिरलं की मी आपोआप 'पुढे सरका' म्हणायचो. तुझी भावजय जनकाबाई त्यावर एकदा म्हणाली, "आता कुठं सरकू, चुलीत?" तेव्हापासून ती सवय गेली. पत्राला बसण्याआधी तिनं मला बजावलं आहे की प्रज्ञेशच्या लग्नाचा विषय अजिबात काढायचा नाही. तो मी काढणार नाही. (पत्रिकेत तुझं नाव सगळ्यात खाली, माझ्या साडूच्याही खाली, मंडपवाल्याच्या जाहिरातीला चिकटून आलं, ती करणी छापखान्याची होती. पोराची सख्खी आत्या असून तुझा असा मान झाला म्हणून तू आहेराचा पितळी हंडा परत उचललास, त्याबद्दलही मी काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली, मी ड्यूटीवर आलो, तर पूर्णा गाडीत पुढच्याच सीटवर तू आणि मांडीवर हंडा. मी त्या हंड्याचं लगेजचं तिकीट फाडलं ते नियमाला धरूनच होतं. तर तो विषय आपण काढायचाच नाही.)

लिहायला बसलो ते राणीबद्दल. तुझी भाची औरंगाबादच्या कलेच्या कॉलेजातून शिकून परत आली. तिचं म्हणणं असं की माणसानं नवीन वस्तू करायचीच गरज नाही, आहे त्याच वस्तू जगाला पुरून उरतील, फक्त त्यांच्याकडे नीट बघायला पाहिजे. मला हे फार पटलं. (साड्यांच्या बाबतीत हेच मी तिच्या आईला कित्येक वर्षं सांगत होतो, पण मी कॉलेजात गेलेलो नसल्यामुळे उपयोग झाला नाही.) पटलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं की ती सुरुवात घरापासून करणार आहे. माझे सगळे जुने खाकी शर्ट जोडून तिनं दारासाठी पडदा शिवला. खिसे तसेच ठेवले आणि प्रत्येक खिशात ओली माती भरून पुदिना लावला. दिसायला सुंदर दिसतो, नाही म्हणत नाही. पण आल्यागेल्या माणसाला माझ्याच छातीवरचा पुदिना खुडून चहा दिला जातो, तेव्हा मला कसंसंच होतं. जनकाबाईनं तवा आणि पोळपाट गादीखाली लपवला होता, तो आता कुठे बाहेर आला आहे.

आपल्या वस्तीत नवीन बुद्धविहार बांधून झाला हे तुला कळलंच असेल. त्याच्यासमोर मोकळी जागा आहे, आणि हापशाचं वाया जाणारं पाणी तिकडे वळवून राणीनं छान बाग धरली आहे. आता बाग म्हटली की कमान आली. विहार समितीचे अध्यक्ष भिवाजी (तुला आठवत असेल, शाळेत असताना तुझ्या पाटीवर थुंकी लावून पुसायचा तोच) यांच्या मनात नांदेडहून फ्लेक्सची कमान आणायची होती. हल्ली ते निघालं आहे, प्लॅस्टिकवर मोठाले फोटो छापून देतात, दोन उन्हाळ्यांत फाटतं आणि मग शेतात हळद झाकायला होतं. राणी मीटिंगमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, कमान मी करते, गावात जे टाकाऊ आहे त्यातून करते, बुद्धपौर्णिमेला भंतेजी येतील तोवर तयार नसली तर खुशाल फ्लेक्स आणा. समितीनं कबूल केलं. पण घरी येऊन ती मला म्हणाली की तिला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आहे, आणि नोकरी कसली, तर हेच फ्लेक्स छापायची. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे. "बाबा, माझ्या गावालाच माझी कमान नको असेल तर मी इथं राहून काय करू?" मी तोंडानं म्हटलं, जा बाई, आपलं पोटापाण्याचं पाहायला पाहिजे. पण आक्का, तुला खरं सांगतो, ती जायला मला नको आहे. प्रज्ञेश नांदेडला गेला, आता ही पुण्याला गेली तर या घरात मी, जनकाबाई आणि पुदिना एवढेच उरणार. हे तिला सांगू नकोस.

तर राणी टाकाऊ वस्तू गोळा करायला निघाली, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आपल्या वस्तीत टाकाऊ असं काही नाहीच. फुटक्या माठात कोंबडी बसलेली. सायकलचे टायर पत्र्यावर, वादळात पत्रा उडू नये म्हणून. जुन्या चपलेचा तुकडा दाराच्या बिजागरीला. फाटकं लुगडं गोधडीत, फाटकी गोधडी बैलाच्या पाठीवर, आणि पाठीवरचीही फाटली की वात होऊन कंदिलात. धुरपताबाईंनी खूप शोधून एक बिनजाळीची चाळणी आणून दिली. राणी दारापर्यंत पोचली नाही तोवर हाक आली, "पोरी, दे बाई इकडं, ती मांजराचं ताट ठेवाया लागते, आता ध्यानात आलं." औरंगाबादला म्हणे रस्त्यावर हिंडलं की पोतंभर सामान मिळायचं. इथं चार दिवस फिरून पोरीला मिळाली ती बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. गाड्यांना रबरी टायर आले तशा धावा घरोघर भिंतीला टेकून पडल्या होत्या, आणि त्यांचा उपयोग अजून कोणाला सुचला नव्हता.

मग जनकाबाईनं तिला माळे दाखवले. आपल्याकडे माळ्यावर काय असतं ते तुला सांगायला नको. स्टील आलं, कल्हईवाला यायचा बंद झाला, तेव्हापासून गळकी घंगाळं, चेपलेले तांबे, बूड गेलेल्या जर्मनच्या पातेल्या, सगळं पोत्यात भरून वर. भंगारात देता येत नाही, कारण प्रत्येकावर नाव घातलेलं. अमक्याच्या लग्नात तमक्याकडून. उद्या भंगारवाल्यानं ते जवळा बाजारच्या बाजारात मांडलं आणि देणाऱ्यानं पाहिलं, म्हणजे संपलं. राणीनं मागितल्यावर लोकांना मोकळं झाल्यासारखं वाटलं. दिवेलागणीला एकेक जण पदराखाली, पोत्याखाली झाकून भांडं आणून द्यायचा आणि दोन्ही बाजूंना बघत परत जायचा. मी ओट्यावर बसून हे सगळं पाहत होतो. यातून पुढं काय होणार हे कंडक्टरकी केलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं. पण मला नाही कळलं, आणि राणीच्या आईलाही कळलं नाही, हे नमूद करून ठेवतो.

जवळा बाजारचा वेल्डर चाँदपाशा याच्याकडून धावा कापून, जोडून उंच कमान केली. तो आधी म्हणाला, "बेटी, ये कमान है के बर्तन की दुकान?" पण कमान उभी राहिल्यावर तो स्वतः बायकोला घेऊन बघायला आला होता. दोन्ही बाजूंनी खालपासून वरपर्यंत भांडी बांधलेली, प्रत्येकात माती आणि झाड. गोकर्ण, कोरफड, झेंडू, वर चढायला गुळवेल. प्रत्येक भांड्याला बुडाशी बारीक भोक, म्हणजे सगळ्यात वरच्या भांड्यात पाणी ओतलं की थेंबथेंब खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं करत दोन्हीकडे पार जमिनीपर्यंत. एका घागरीत सगळी कमान भिजावी, अशी तिची योजना. आपली पोरगी एवढी हुशार आहे, हे बापाला सगळ्यात शेवटी कळतं, तसं झालं.

रविवारी सगळी वस्ती बघायला आली. आक्का, आता दोष कोणाला द्यायचा तर तो साक्षरता वर्गाला द्यावा लागेल. धुरपताबाई त्या वर्गात वाचायला शिकल्या, आणि तेव्हापासून एसटीच्या पाटीपासून खताच्या पोत्यापर्यंत जे दिसेल ते मोठ्यानं वाचतात. त्यांनी एका परातीवर बोट ठेवलं. "धु... र... प... ता... अगं माय, ही तर मीच हाय." थोडा वेळ त्या खुशीत होत्या. मग पुढचं वाचलं, आणि भिवाजीकडे वळून म्हणाल्या, "ही परात मी तुमच्या पोरीच्या लग्नात देल्ती. इथं काहून लटकून राहिली?" तेवढ्यात त्याच्या बायकोला एक तांब्या सापडला, त्यावर तिच्या सासऱ्याचं नाव आणि 'स्मरणार्थ'. तो आला होता धुरपताबाईंच्या माळ्यावरून. मग काय विचारतेस. जो तो बोट लावून वाचायला लागला. एका घंगाळावर तर तीन नावं निघाली, दोन कानशीनं घासलेली आणि तिसरं ताजं. ते घंगाळ माझ्यापेक्षा जास्त लग्नांना जाऊन आलेलं होतं.

संध्याकाळपर्यंत पकडी आल्या. गंमत अशी की कोणी आत्ता दिलेलं भांडं परत नेलं नाही, प्रत्येकानं आपण पूर्वी दुसऱ्याला केलेला आहेर सोडवून नेला. म्हणजे इतक्या वर्षांचे आहेर एका संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी पोचले, माती आणि झाडांसकट. अर्धी कमान उघडी पडली. राणी विहाराच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती, हातातल्या तारेचं वेटोळं करत होती आणि उलगडत होती. म्हणाली, "बाबा, मी पुण्याला फोन करते." मी म्हटलं, लाईन बिघडली आहे. (बिघडलेली नव्हती. पण मला दुसरं काही सुचलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी जनकाबाई विरजण मागायला म्हणून धुरपताबाईंकडे गेली. घरात विरजण होतं, मी स्वतः पाहिलं होतं, पण मी गप्प राहिलो. तिथं ती इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "बाई, तुमी नाव काहून काढून आणलं? दान देणाऱ्याचं नाव विहारावर राहतंच की. आतल्या पंख्याच्या पात्यावर सुदिक नाव हाय. तुमची परात तर सगळ्यात दिसत्या जागी होती." एवढंच. विरजण न घेताच परत आली. दुपारच्या आत परात पुन्हा कमानीवर होती, आणि धुरपताबाई खाली उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं नाव वाचून दाखवत होत्या. ज्याच्या माळ्यावरून भांडं आलं त्याची लाज गेली, आणि ज्याचं नाव त्यावर होतं तो फुकटात दाता झाला. जनकाबाईला मी एवढ्या वर्षांत कधी शाबासकी दिली नाही, त्या दिवशी दिली. तिनं विचारलं, बरं वाटत नाही का.

पण मग ज्यांचं नाव कमानीवर नव्हतं त्यांचं काय? त्यांना घरात चैन पडेना. कोणाच्या माळ्यावर दुसऱ्यांनी दिलेली पुष्कळ भांडी होती, पण त्यांनी स्वतः दिलेलं कुठेच निघेना. (यावरून माणसाचा स्वभाव कळतो, पण मी नावं घेत नाही.) मंगळवारी जवळ्याच्या बाजारातून नवी कोरी भांडी आली, नावं घातलेली, अक्षरं लांबून दिसतील एवढी. राणी म्हणाली, नवीन चालणार नाही, पडून राहिलेलं पाहिजे, हा माझा नियम आहे. लोक परत गेले. आणि मग वस्तीत घराघरातून ठोकल्याचे आवाज यायला लागले. कोणी दगडानं चेचतोय, कोणी विळ्यानं पोचे पाडतोय, एकानं तर पातेलं रात्रभर शेणात पुरलं. भिवाजीनं अध्यक्षाला शोभेल असं भलंमोठं स्टीलचं पिंप आणलं आणि ते थोडं जुनं दिसावं म्हणून ट्रॅक्टरचं चाक त्यावरून हळूच घातलं. त्याचं ताट झालं. राणीला दया आली. तिनं ते सपाट पिंप कमानीच्या बाजूला खांबावर ठोकलं आणि त्यावर रंगानं लिहिलं, 'चपला येथे काढाव्यात'. खाली भिवाजीचं नाव आहेच. तो खूश आहे, सांगतो की सगळ्यात आधी लोक माझंच नाव वाचतात.

तर असं सगळं छान चाललं आहे. गोकर्णाला निळी फुलं आली आहेत. तिसऱ्या थरातल्या एका किटलीत चिमणीनं घर केलं आहे, त्या किटलीवर कोणाचं नाव आहे ते तिच्यामुळे वाचता येत नाही, आणि म्हणून दोघं जण ती आपली असल्याचं सांगतात. फक्त कमानीच्या वरची मधली जागा अजून रिकामी आहे, पण ते काही विशेष नाही. पौर्णिमेला खीर आहे. जमलं तर ये, असं सगळ्यांनी सांगितलं आहे. लाईट आली, पंखा सुरू झाला, कागद उडतो आहे, म्हणून थांबतो.

तुझा भाऊ,
कोंडीबा

ता. क. सोबत ड्रायव्हरजवळ पिशवीत थोडी हळद दिली आहे. वसमतची आहे, नवी.

आणखी ता. क. वरची जागा रिकामी आहे ते विशेष नाही असं मी वर लिहिलं. जनकाबाईनं वाचून घेतलं आणि म्हणाली, खरं लिहा. तर खरं असं की पाणी ओतायचं ते तिथूनच. वर भांडं नाही म्हणून राणी या उन्हात शिडीवर चढून एकेका झाडाला तांब्यानं पाणी घालते आहे. आणि ती जागा सगळ्यांना पाहिजे आहे. भिवाजीनं दुसरं पिंप आणून ठेवलं आहे. ते वर गेलं तर आपली परात खाली येईल असं धुरपताबाईंनी सांगितलं आहे, आणि परात निघाली की तिच्यामागे बाकीची निघणारच. पौर्णिमेपर्यंत ठरलं नाही तर समिती फ्लेक्स आणणार. पोरगी सामान बांधून बसली आहे, कमानीचं की स्वतःचं, ते विचारायची मला हिंमत होत नाही.

शेवटचा ता. क. आक्का, मीटिंगमध्ये राणी म्हणाली की ती जागा तिनं पहिल्यापासून आत्याच्या हंड्यासाठी ठेवली आहे, तारही त्याच मापाची वळवली आहे. कोणीच नाही म्हणालं नाही. माहेरवाशिणीच्या नावाला कोण हरकत घेणार. हंडा तुझ्या माळ्यावर फडक्यात बांधून आहे हे मला ठाऊक आहे. प्रज्ञेश नांदेडहून येताना तुझ्याकडे चहाला थांबतो, मला सांगत नसला तरी. त्यावर त्याचं आणि तुझं नाव घातलेलं, म्हणून तुला तो दुसऱ्या कोणाला देता आला नाही, आणि तू वापरलाही नाहीस. पडून राहिलेलं पाहिजे, हा नियम त्याला बराबर लागू पडतो. त्याला बुडाशी भोक पाडावं लागेल, ते तूच पाड, म्हणते राणी. कारण गळक्या भांड्यातून झाडाला पाणी द्यायची ही सगळी कल्पना तिला कॉलेजात कोणी शिकवलेली नाही. लहानपणी सुट्टीत ती तुझ्याकडे यायची तेव्हा तुझ्या परसात कढीपत्त्याच्या डोक्यावर गळकी घागर टांगलेली असायची, ते तिच्या डोक्यात राहिलं. मी तुझा भाऊ असून ती घागर माझ्या कधी लक्षात आली नाही.

कमानीत तुझ्या वर कोणी नाही. साडूचा तांब्या सगळ्यात खाली लावला आहे, ती जागा मी स्वतः बघून दिली. गाडीत कंडक्टरनं हंड्याचं लगेज मागितलं तर मुकाट्यानं दे, नियम आहे. मी सकाळच्या पहिल्या गाडीपासून फाट्यावर उभा राहीन. तिथून विहारापर्यंत हंडा मी डोक्यावर घेईन, त्याचं काही लागत नाही.